ओझं वाहणारा पोरगा ते एव्हरेस्टवीर : शेर्पा तेनसिंगची गोष्ट

विशेष लेख

दरवर्षी २९ मे आला की एव्हरेस्टची आठवण निघते. शाळेत आपण सगळ्यांनी एक ओळ पाठ केलेली असते, की एव्हरेस्टवर सगळ्यात आधी हिलरी आणि तेनसिंग चढले. पण हा तेनसिंग कोण, कुठला, तिथवर कसा पोचला, हे फारसं कुणी सांगत नाही. गुरं राखणारा, लिहिता-वाचता न येणारा हा माणूस जगातल्या सगळ्यात उंच टोकावर गेला, त्याची ही गोष्ट.

तेनसिंगचा जन्म १९१४ सालचा. तेरा भावंडांतला हा अकरावा. त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. वडील याक राखायचे. याक म्हणजे तिकडचा लांब केसांचा, थंडीला दाद न देणारा बैल. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या थामे गावात त्याचं बालपण गेलं. घरात बोलायची भाषा शेर्पा. एव्हरेस्टला ही माणसं चोमोलुंग्मा म्हणतात. देवाचा डोंगर, त्यावर कशाला चढायचं, अशीच जुन्या लोकांची समजूत होती. या पोराच्या डोक्यात मात्र तो डोंगर बसला होता.

१९३२ च्या सुमारास तो घर सोडून दार्जिलिंगला आला. साहेब लोकांच्या मोहिमा तेव्हा तिथूनच निघायच्या. आल्या आल्या काम कोण देणार? जवळच्या आलूबाडीत त्याने गाई सांभाळल्या, दूध शहरात नेऊन विकलं. तिथेच तो नेपाळी बोलायला शिकला. १९३३ ची इंग्रजांची मोहीम निघाली तेव्हा हाही रांगेत जाऊन उभा राहिला. पण केस कापलेले, कपडे नेपाळी पद्धतीचे. हा शेर्पा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. दोन वर्षांनी, १९३५ ला, एरिक शिप्टन या इंग्रज गिर्यारोहकाने त्याला हमाल म्हणून घेतलं आणि एव्हरेस्टची वाट उघडली.

त्यानंतर १९३६ आणि १९३८ लाही तो तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेला. १९३८ ला तर पाठीवर ओझं घेऊन सगळ्यात वरच्या तंबूपर्यंत पोचला. उंचावर चांगलं काम करणाऱ्या शेर्पांना तेव्हा टायगर हा किताब मिळायचा, तो त्याला मिळाला. पण शिखर हातात आलं नाही.

मग महायुद्ध सुरू झालं, मोहिमा बंद पडल्या. तेनसिंग आज पाकिस्तानात असलेल्या चित्रालला गेला आणि फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये काम करू लागला. तिथे हिंदुस्थानी बोलण्याचा सराव झाला. १९४४ ला तिथेच बायको वारली. दोन लहान मुली पदरात. त्यांना घेऊन तो अंगावर जुना लष्करी गणवेश चढवून रेल्वेने दार्जिलिंगला परतला. खिशात तिकीट नव्हतं, पण वाटेत कुणी हटकलं नाही. घरी आल्यावरही हाल संपले नाहीत. दुसरं लग्न झालं. नवी बायको आंग ल्हामू साहेबांच्या घरी आयाचं काम करून संसाराला हातभार लावायची.

१९४७ ला स्विस लोकांच्या गढवालमधल्या मोहिमेत सरदार जखमी झाला आणि ती जबाबदारी तेनसिंगवर आली. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम, तसा मोहिमेला सरदार. हमाल जमवायचे, ओझी वाटून द्यायची, भांडणं मिटवायची आणि साहेबाचं म्हणणं हमालाला, हमालाचं साहेबाला समजावून सांगायचं. शेर्पा, नेपाळी, हिंदुस्थानी आणि कामापुरती इंग्रजी, एवढ्या भाषा त्याच्या तोंडी होत्या. त्यातली एकही कागदावर उतरवता येत नव्हती. पण डोंगरावर कागदापेक्षा तोंडची भाषा जास्त कामाला येते.

१९५२ ची वसंत ऋतूतली स्विस मोहीम ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. नेपाळने तोवर परदेशी लोकांना वाट मोकळी केली होती, त्यामुळे चढाई दक्षिणेकडून होती. या मोहिमेत तो सरदार तर होताच, शिवाय बाकीच्यांच्या बरोबरीचा गिर्यारोहकही होता. जोडीला रेमाँ लँबेर. हिमदंशामुळे लँबेरच्या पायांची बोटं आधीच कापलेली. लँबेर फ्रेंच बोलणारा, तेनसिंगला फ्रेंचचे मोजके शब्द येणारे. इंग्रजीही दोघांची तोडकीमोडकीच. तरी दोघांचं असं जमलं, की तेनसिंग पुढे आयुष्यभर त्याला जिवलग मानत राहिला.

२७ मेची रात्र दोघांनी सुमारे ८४०० मीटरवर एका लहानशा तंबूत काढली. झोपायच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केलं. झोप लागली तर मरण, म्हणून रात्रभर एकमेकांना चोळत, थापट्या मारत जागे राहिले. सकाळी पुन्हा चढू लागले. ऑक्सिजनची यंत्रं चालताना नीट काम देत नव्हती. सुमारे ८६०० मीटरवर पोचले आणि माघारी फिरले. याआधी माणूस इतक्या उंचीवर गेल्याची खात्रीची नोंद नव्हती. त्याच वर्षी शरद ऋतूत स्विस लोकांबरोबर तेनसिंग पुन्हा गेला. थंडी आणि वाऱ्याने परतवलं. तो आजारी पडला.

१९५३ ला इंग्रजांची मोहीम निघाली. प्रमुख जॉन हंट. तेनसिंगला पुन्हा सरदार आणि गिर्यारोहक अशी दोन्ही कामं. सुरुवातीलाच कुरबुर झाली. काठमांडूत ब्रिटिश वकिलातीत साहेबांना खोल्या आणि शेर्पांना झोपायला गॅरेज. शौचालयाचीही सोय नाही. तेनसिंगला आत खोली मिळत होती, पण तो आपल्या माणसांबरोबर गॅरेजमध्येच राहिला. दुसऱ्या दिवशी चिडलेल्या शेर्पांनी वकिलातीसमोरच लघवी करून राग काढला. साहेबांचा संताप आणि शेर्पांचा अपमान, दोन्ही तेनसिंगलाच झेलावं लागलं. हे सांभाळूनच मोहीम पुढे सरकली.

वाटेत बर्फाच्या भेगेत एडमंड हिलरी घसरला, तेव्हा तेनसिंगने दोर आवळून त्याला धरलं. तिथून या दोघांची जोडी जमली. २६ मेला पहिली जोडी शिखराच्या अलीकडून परत आली. २८ च्या रात्री हिलरी आणि तेनसिंगने सुमारे ८५०० मीटरवर तंबू ठोकला. सकाळी हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते, ते स्टोव्हवर शेकावे लागले. साडेसहाला निघाले आणि साडेअकराला माथ्यावर पोचले. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई १६४६ मीटर, एव्हरेस्ट ८८४८ मीटर, म्हणजे पाचपटीहून उंच. तेनसिंगने कुदळीला बांधलेले झेंडे फडकवले, त्यात भारताचाही होता. लेकीने दिलेली पेन्सिल आणि थोडा खाऊ बर्फात पुरला. गळ्यात लँबेरने दिलेला लाल मफलर होता.

खाली उतरल्यावर वेगळाच त्रास सुरू झाला. पहिलं पाऊल कुणाचं, तेनसिंग भारताचा की नेपाळचा, यावरून ओढाताण. लोक त्याच्यापुढे कागद धरायचे, आणि त्यात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून निवेदन काढलं, की आम्ही जवळजवळ एकाच वेळी पोचलो. पुढे १९५५ ला आलेल्या आत्मचरित्रात तेनसिंगने सरळ सांगून टाकलं, की हिलरी दोराच्या पुढच्या टोकाला होता आणि तो आधी पोचला. हे आत्मचरित्रही त्याने तोंडी सांगितलेलं, लिहिलं दुसऱ्याने. हंट आणि हिलरीला सर ही पदवी मिळाली, तेनसिंगला जॉर्ज मेडल.

पंडित नेहरूंनी त्याला जवळ केलं. ४ नोव्हेंबर १९५४ ला दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झालं. त्याआधी देशात गिर्यारोहण शिकवणारी संस्थाच नव्हती. तेनसिंग तिथे प्रत्यक्ष डोंगरावरच्या प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. आता भारतातल्या पोरांना दोर कसा बांधायचा, बर्फावर पाय कसा ठेवायचा, हे आपली भाषा जाणणाऱ्या माणसाकडून शिकता येऊ लागलं. त्याचा पुतण्या नवांग गोम्बू तिथेच शिक्षक होता आणि १९६५ ला एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या भारतीय मोहिमेत तो शिखरावर पोचला. महाराष्ट्रातूनही पोरं-पोरी आजही तिथे शिकायला जातात.

१९५९ ला पद्मभूषण मिळालं. ९ मे १९८६ ला दार्जिलिंगमध्येच तेनसिंग गेला. त्याच्या नावाने आज केंद्र सरकार साहसाचा राष्ट्रीय पुरस्कार देतं.

आपल्याकडेही कळसूबाईला, हरिश्चंद्रगडाला शहरातली मंडळी येतात. पुढे वाट दाखवत गावातला माणूस चालतो, बऱ्याचदा त्यांच्या बॅगा पाठीवर घेऊन. ढग उतरले, वाट चुकली, की सगळ्यांचा जीव त्याच्या भरवशावर असतो. फोटोत तो नसतो. तेनसिंगने लँबेरला आयुष्यभर जीव लावला, कारण लँबेरने त्याला हमाल समजून वागवलं नाही. भाषा अर्धीच जमत होती, तरी. वाटाड्याची तर भाषाही आपलीच आहे. त्याला नाव विचारायला आणि आपल्या पंगतीला बसवायला काही अडचण नसावी.