दख्खनच्या मुंग्यांचे साक्षीदार : कर्नल विल्यम हेन्री साइक्स

फाल्गुन सरून चैत्र लागला म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील माळराने उजाड दिसू लागतात. गवत वाळून जाते, ओढे आटतात आणि दुपारच्या उन्हात सर्वत्र शांतता पसरते. परंतु जो क्षणभर थांबून खाली वाकून पाहील, त्यास निराळीच सृष्टी दिसते. रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट चरत असतो. लिंबोणीच्या कोवळ्या पालवीवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसलेली असते. तिचेच पुढे सुंदर फुलपाखरू होते. कुंपणात एखादा कोळी आपल्या जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढून मध्यभागी स्वस्थ बसलेला असतो. पाने झडलेल्या फांदीवर रेशमी पतंगाचा टणक कोश लोंबतो, आणि पाऊलवाटेच्या कडेला मुंग्यांच्या बिळाभोवती गवताच्या बियांच्या कोंड्याचे कडे पडलेले असते. हे सर्व आपण रोज तुडवीत जातो. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ज्या गृहस्थाने ते थांबून पाहिले आणि नीट लिहून ठेवले, त्याचे चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद होईल अशी आशा आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. इ. स. १८०३ मध्ये, ज्या वयात आपली मुले हायस्कुलात शिकत असतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाईचा पहिला अनुभव घेतला. पुढे त्यांनी हिंदुस्थानी व मराठी या भाषांचा अभ्यास करून त्यांत प्रावीण्य मिळविले. १८१७ साली खडकीच्या रणांगणावर पेशव्यांच्या फौजेविरुद्ध कंपनीच्या ज्या देशी पलटणी लढल्या, त्यांत साइक्स साहेबांच्या हाताखालील शिपाईही होते. ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये व लपवूही नये. जो मनुष्य या देशात शत्रू म्हणून तलवार घेऊन आला, त्याच्याच हातून या भूमीची एक मोठी सेवा पुढे घडावयाची होती.

त्या सेवेचा प्रारंभ १८२४ साली झाला. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांस सरकारचे स्थितिगणक नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चारही कलेक्टरींत हिंडून लोकसंख्या, जमिनीचे प्रकार, वतने, पिके, मोजमापे व हवामान यांची माहिती गोळा करावी, असे हे काम होते. सरकारास ती माहिती वसुलासाठी हवी होती हे उघड आहे. परंतु साइक्स साहेबांची जिज्ञासा वसुलाच्या हिशेबापाशी थांबली नाही. वाटेत आढळणारा प्रत्येक पक्षी, मासा व कीटक ते निरखीत आणि लोक त्यास काय म्हणतात ते विचारून टिपून घेत. दख्खनच्या नद्यांतील माशांस त्यांनी जी शास्त्रीय नावे दिली, त्यांत कोलस, मुरे असे इकडच्या बोलीतील शब्दच लॅटिन पेहराव करून बसले आहेत.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध विशेष स्मरणीय आहे. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर उभे असता, खालच्या कोकणातून वर येणाऱ्या धुक्यावर त्यांनी आपल्याच सावलीभोवती पडलेले वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले. यासच आपण इंद्रवज्र म्हणतो. या दर्शनाचे वर्णन १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. आजही पावसाळ्यात कोकणकड्यावर जाणारे लोक तेच दृश्य पाहण्याची आशा धरतात.

कीटकसृष्टीकडे त्यांचे लक्ष प्रथम रेशमामुळे वेधले. दख्खनच्या रानात आपोआप वाढणाऱ्या टसर जातीच्या पतंगावर त्यांनी एक निबंध लिहिला. तो १८३४ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. या किड्याची अळी बोर, ऐन इत्यादी झाडांच्या पाल्यावर वाढते. पुढे ती फांदीभोवती रेशमाचे बळकट कडे घालून त्यास देठाने लोंबणारा कोश विणते. ते कडे इतके चिवट असते, की पाने झडली तरी कोश गळत नाही. या देशातील लोक तो कोश कापून त्याच्या वाद्या काढतात व बंदुकीची नळी दस्त्यास आवळण्यासाठी त्या चामड्याहून टिकाऊ समजून वापरतात, असे साइक्स साहेबांनी नमूद केले आहे. लढाईत ज्या बंदुका समोर पाहिल्या, त्यांवरील रेशीमही त्यांच्या नजरेतून सुटले नाही!

परंतु त्यांची खरी कीर्ती मुंग्यांनी केली. पश्चिम घाटात झाडांच्या फांद्यांवर एक जातीची मुंगी शेणाची पातळ पापुद्र्यासारखी पाने करून, ती कौलांप्रमाणे एकावर एक रचून घर बांधते. माथ्यावर ती एकसंध टोपी घालते, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. या मुंगीस त्यांनी इंग्लंडातील प्रसिद्ध कीटकशास्त्रज्ञ रेव्हरंड विल्यम कर्बी यांचे नाव दिले. दुसरी गोष्ट त्यांच्या पुण्याच्या बंगल्यातील. मेजावरील मिठाईस मुंग्या लागू नयेत म्हणून मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेविले होते. तरीही मुंग्या मेजावर दिसूच लागल्या. साइक्स साहेब पाळत ठेवून बसले. तो एक मुंगी जवळच्या भिंतीवर सुमारे हातभर चढली आणि तेथून तिने नेमके मिठाईवर अंग सोडून दिले!

तिसरी हकीकत सर्वांहून महत्त्वाची आहे. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शलमोन राजाने आळशास मुंगीकडे धाडिले आहे, आणि ती सुगीच्या दिवसांत आपले अन्न साठविते असे म्हटले आहे. युरोपातील पंडितांनी आपल्याकडील मुंग्या तपासल्या, तेव्हा त्यांस धान्याचा साठा कोठेच आढळला नाही. थंड देशांतील त्या मुंग्या हिवाळ्यात निश्चेष्ट पडून राहतात. त्यामुळे मुंगीच्या कोशांस लोक दाणे समजले असावेत व शलमोनाचे बोलणे चुकीचे असावे, असा तर्क रूढ झाला. उष्ण देशांतील मुंग्या पाहिल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे, असा इशारा कर्बी यांच्यासारख्या थोड्यांनीच दिला होता.

जून १८२९ मध्ये पुण्यास कवाइतीच्या मैदानाजवळ सकाळी फिरत असता साइक्स साहेबांस पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. प्रत्येक ढिगात सुमारे मूठभर बी होते आणि शेकडो मुंग्या बिळांतून आणखी बी वर आणीत होत्या. पावसाने कोठार भिजले होते आणि पहिले ऊन पडताच त्या आपले धान्य वाळवीत होत्या. हे गवत वरी-सावा यांच्या गोत्रातील. त्याचे बी जानेवारी-फेब्रुवारीत पिकते, म्हणजे साठा तेव्हापासूनचा असला पाहिजे. आपण जे पाहत आहो ते थोर विद्वानांच्या मताविरुद्ध आहे हे त्यांस ठाऊक होते. म्हणून ते बी आहे की मुंगीचा कोश आहे, याची त्यांनी काळजीपूर्वक परीक्षा केली. एकच दाणा उचलून उभ्या बिळातून चढणाऱ्या दुबळ्या मुंग्या काठाशी येऊन पुनःपुन्हा खाली कोसळत. परंतु एकीनेही दाणा सोडला नाही. प्रत्येक वेळी चढण नव्याने सुरू होई. एवढ्यावरही साहेब संतुष्ट झाले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात, परतीच्या वादळी पावसानंतर, त्यांनी पुन्हा शोध केला व तोच प्रकार पुन्हा पाहिला. मगच त्यांनी त्या मुंगीस दूरदृष्टीची मुंगी अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि १८३५ च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्र मंडळापुढे आपली साक्ष मांडली.

या साक्षीस पुढे दुजोरा मिळाला. १८५१ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांवर लिहिणारे डॉ. जर्डन यांनी बी साठविणाऱ्या मुंग्यांचे वर्णन केले. १८७३ साली मॉग्रिज नावाच्या तरुण निसर्गप्रेमी गृहस्थाने युरोपच्याच दक्षिण किनाऱ्यावरील अशा मुंग्यांवर व बिळास दार लावणाऱ्या कोळ्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोणास शंका उरली नाही. तो ग्रंथ पाहण्यास मात्र साइक्स साहेब हयात नव्हते.

ज्या वर्षी त्यांनी ही मुंगी पाहिली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने त्यांची स्थितिगणकाची जागा रद्द केली. दुसरा कोणी असता तर दप्तर बांधून मोकळा झाला असता. साइक्स साहेबांनी हाती घेतलेले काम जानेवारी १८३१ पर्यंत पुरे केले आणि मगच ते विलायतेस गेले. १८३२ मध्ये त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. दख्खनचा चंडोल त्यांच्या नावाने आजही ओळखला जातो. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १८५६ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांचे अध्यक्ष आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीन शहरातर्फे पार्लमेंटचे सभासद होते. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचा अंत झाला.

कंपनी १८७४ साली विसर्जित झाली आणि तिच्या अध्यक्षपदाचे महत्त्व आज कोणास वाटत नाही. परंतु मूठभर बियांच्या त्या ढिगाची नोंद कायम राहिली आहे. विद्यार्थिमित्रांनो, साइक्स साहेबांपाशी तेव्हा जे साधन होते ते तुम्हांपाशीही आहे : दोन डोळे, एक वही आणि पुन्हा जाऊन खात्री करून घेण्याचा धीर. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानणे सोपे आहे आणि पंडित नाही म्हणतात म्हणून टाकणेही सोपे आहे. खाली वाकून पाहणे मात्र कठीण आहे. येत्या चैत्रात माळावर जाल तेव्हा बिळाच्या तोंडाशी पडलेले कोंड्याचे कडे तुडवू नका. त्याच्याजवळ घटकाभर बसा. ज्याने त्या लहानग्या जिवास शहाणपण दिले, त्याची कृती तुमच्या पायांशीच चाललेली तुम्हांस दिसेल.