नांगर बनवणे एक, विकणे दुसरे : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट



आपल्या अंजनगाव सुर्जीत असो की दर्यापुरात, बाजारातून एक चक्कर मारा. एक दुकान मोबाइलचं, शेजारी टीव्ही-फ्रीजचं, पुढं मोटारपंपाचं आणि कोपऱ्यावर मोटर रिवाइंडिंगवाला. आपल्या वर्गातल्या किती तरी मुलांची घरं या दुकानांवर चालतात. पालक सभेला आले की त्यांच्या मनातली काळजी बाहेर येते. कंपनी आता फोनवरूनच माल विकते, मोठ्या शहरात स्वतःची दुकानं उघडते, मग आमचं काय? पोरानं या धंद्यात यावं की येऊ नये?

हा प्रश्न वाटतो नवा, पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. माल बनवणाऱ्यानं तो दुकानदारामार्फत विकावा, की स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात जावं? आणि विकल्यानंतर दुरुस्ती कोणी करावी? महाराष्ट्रात या तिन्ही बाजू स्वतःच्या आयुष्यात अनुभवलेला एक माणूस होऊन गेला. आधी तो शिक्षक होता, मग दुकानदार झाला आणि नंतर कारखानदार. म्हणून आजच्या पाठात लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचं चरित्र घेऊ.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन फारसं रमत नसे. चित्रं काढायची आणि यंत्रं कशी चालतात ते बघायचं, या दोन गोष्टींचा मात्र भारी नाद. घरच्यांचा विरोध असतानाही 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं काही काळानं लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलासाठी हा केवढा धक्का! पण ते घरी परतले नाहीत. रंग जमत नसले तरी रेषा जमत होत्या. त्यांनी यंत्रांची चित्रं काढण्याचं, म्हणजे यांत्रिक रेखनाचं शिक्षण घेतलं आणि पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. आज आपण तिला व्हीजेटीआय म्हणून ओळखतो. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेत त्यांचा यंत्रांवर हातही बसला.

शिक्षक मित्रांनो, इथं थोडं थांबा. एखाद्या मुलाला एक गोष्ट जमत नाही म्हणून त्याच्या नावापुढं काट मारण्याआधी, तिच्या शेजारची कोणती गोष्ट त्याला जमेल, हे आपण शोधतो का?

सायकलचं दुकान : विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती

1888 मध्ये लक्ष्मणरावांनी थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावला सायकलचं छोटं दुकान काढलं. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तिथून सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. म्हणजे धंद्याच्या भाषेत हे दोघे भाऊ दुसऱ्यानं बनवलेल्या मालाचे विक्रेते होते.

आता विचार करा, त्या काळी सायकल म्हणजे नवलाईची वस्तू. ती चालवायची कशी, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नुसती दुकानात उभी करून ती खपली नसती. म्हणून हे भाऊ गिऱ्हाइकाला सायकल शिकवायचेही. शिकवणीचे वेगळे पंधरा रुपये घेत, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. शिवाय बिघडलेली सायकल दुरुस्तही करून देत. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती, तिन्ही एकाच छपराखाली.

दुकानदार नेमकं काय विकतो, हे इथं कळतं. तो वस्तूसोबत भरवसाही विकतो. आपल्याकडं मोटारपंप घेणारा कास्तकार दुकानदाराला पहिला प्रश्न काय विचारतो? माझ्या विहिरीला किती एचपीचा लागेल, आणि जळला तर कोण पाहणार?

पुढं मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. हा अपमान गिळून नोकरी टिकवणं सोपं होतं. पण त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला येऊन पूर्णवेळ धंद्यात पडले.

न खपणारे नांगर

दुसऱ्याचा माल विकता विकता आपण स्वतः काही बनवावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी गुरांसाठी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. विलायती नांगर बाजारात होते, पण ते परदेशातून येत. आपल्या मातीसाठी, आपल्या बैलांसाठी, आपल्याच कारखान्यात नांगर व्हावा, हा त्यांचा हेतू.

नांगर तर झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरलेला माणूस एकाएकी लोखंडाला वावरात कसा येऊ देईल? पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. दोन वर्षं! भांडवल लोखंडात अडकलेलं, कामगारांचे पगार द्यायचे आणि माल जागेवर पडून.

अशा वेळी मधला विक्रेता फार उपयोगाचा नसतो. ज्या वस्तूवर लोकांचा विश्वास बसलेला नाही, ती आपल्या पैशानं दुकानात भरून ठेवायला कोणता दुकानदार धजेल? नवी वस्तू बनवणाऱ्याला सुरुवातीला स्वतःच बांधावर उभं राहून ती चालवून दाखवावी लागते. एकदा शेजारच्या वावरात नांगर खोल चालला, हरळी मुळासकट निघाली आणि पीक चांगलं आलं, की मग तोंडी बोलबाला होतो. दुकानदाराचं काम त्यानंतर सुरू होतं.

हळूहळू नांगर खपू लागले. तेवढ्यात नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं.

माळरानावर वाडी

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यामुळं ओळख होती. राजेसाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जागा आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जागा म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेलं माळरान. 10 मार्च 1910 रोजी तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणरावांनी माणसं कशी निवडली, हे पालकांनी जरूर वाचावं. शंभुराव जांभेकर यंत्रं पाहत, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर तर शिक्षण अर्धवट सुटलेले, पण वाडीत ते कल्पक कारागीर झाले. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांवर त्यांनी राखणीची जबाबदारी टाकली, आणि तिनं दगा दिला नाही. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी सुरुवातीपासून ठेवला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तशी विलायती मालाची आवक घटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. मुलांना हे सांगून बघा. तोफेचा नांगर झाला म्हटल्यावर त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहाल.

गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं कसं?

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. आता माल दूरदूर जाऊ लागला. प्रत्येक गावात कंपनीनं स्वतःचं दुकान काढायचं म्हटलं, तर भाडं, नोकर, माल आणि उधारी, सगळा बोजा कंपनीवरच पडणार. कोणत्या शेतकऱ्याचा कापूस विकला गेला, कोणाला दिवाळीपर्यंत थांबायचं, हे गावातल्या दुकानदारालाच माहीत असतं. म्हणून विक्रेता हवाच.

पण विक्रेता मधे आला, की कारखानदाराचं एक नुकसान होतं. नांगर कोणी घेतला, त्याला काय अडचण आली, हे त्याच्यापर्यंत पोहोचेनासं होतं. ज्याला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही, त्याचा माल हळूहळू मागं पडतो.

याच 1920 साली वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, ते पाहत. ते स्वतः चित्रकार असल्यानं जाहिरातीही देखण्या करत. सुरुवातीचा उद्देश साधा होता. कारखान्यात काय बनतं, ते कसं वापरायचं, हे गिऱ्हाइकापर्यंत आणि विक्रेत्यापर्यंत न्यायचं. म्हणजे माल दुकानातूनच जायचा, पण कारखान्याचं बोलणं थेट घरात पोहोचायचं. पुढं याच पत्रकाचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी घरांत या मासिकांनी काय काम केलं, ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा.

1926 मध्ये वाडीत पाण्याचे सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले. पंपाबरोबर दुरुस्तीचा प्रश्न मोठा झाला. नांगराचा फाळ झिजला तर गावचा लोहार सावरून घेतो. पंप ऐन सिंचनात बंद पडला, तर आठ दिवसांत पानमळा वाळतो. इथं सुटा भाग जवळ मिळणं आणि हाताशी मिस्त्री असणं, हे किमतीइतकंच मोलाचं. पुढं 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक, अशा कंपन्या उभ्या राहिल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून आले होते. त्यांनी हा पसारा वाढवला.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आज काय बदललं?

आता पुन्हा आपल्या बाजारात येऊ. 2014 मध्ये शाओमी कंपनी भारतात आली ती दुकानं टाळून, एकाच संकेतस्थळावरून विक्री करत. काही वर्षांतच तिलाही दुकानांकडं वळावं लागलं, कारण फोन हातात घेऊन पाहिल्याशिवाय न घेणारं गिऱ्हाईक मोठं आहे. ॲपलचं उलट झालं. ती अनेक वर्षं इथं विक्रेत्यांमार्फतच माल विकत होती. 2020 मध्ये तिनं स्वतःची ऑनलाइन विक्री सुरू केली आणि एप्रिल 2023 मध्ये मुंबईत पहिलं स्वतःचं दुकान उघडलं. तरीही जुने विक्रेते सोडले नाहीत. एक दुकानांपासून दूर राहून आली आणि दुकानात शिरली, दुसरी दुकानदारांकडून आली आणि स्वतः उतरली. शेवटी दोघींना दोन्ही रस्ते लागलेच.

म्हणून पालकहो, दुकान बुडणार का, याचं सरळ उत्तर असं : नुसतं खोकं इकडून तिकडं देणारं दुकान टिकणं कठीण आहे. किमतीत कंपनीशी बरोबरी होणार नाही. पण रामूअण्णांसारखं शिकवणारं, दुरुस्त करणारं, नड ओळखणारं दुकान कंपनीलाही हवं असतं. आपल्या पोरानं धंद्यात यायचं ठरवलं, तर त्याला गल्ल्यावर बसवण्याआधी पान्हा आणि मल्टिमीटर हातात द्या. आणि आज गिऱ्हाइकानं विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तो वहीत लिहायला लावा.

वर्गात घेण्यासाठी

1. मुलांनी जवळच्या एका दुकानात जाऊन विचारावं : विक्रीतून जास्त कमाई होते की दुरुस्तीतून?
2. घरातल्या एका विजेच्या वस्तूचा प्रवास चित्रात दाखवा : कारखाना, वितरक, दुकान, घर, मिस्त्री. प्रत्येक टप्प्यावर कोण कोणती जोखीम घेतो, ते लिहा.
3. लक्ष्मणरावांना पहिला नांगर विकायला एवढा वेळ का लागला? तुम्ही असता तर शेतकऱ्याला कसं पटवलं असतं? दोघांनी मिळून संवाद सादर करा.
4. रंग ओळखता न येणं, बढती न मिळणं, जागा सोडावी लागणं. या तीन प्रसंगांनंतर त्यांनी काय केलं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

मुलं दुकानदारांशी बोलून आली, की त्यांच्या नोंदी एकदा पालक सभेत वाचून दाखवा. काळजी करणाऱ्या त्या पालकांना आपल्याच पोरांकडून ऐकू द्या, की त्यांच्या कामाची गरज कुठं आहे.