विश्लेषण : ‘कॅसाब्लांका’च्या नायकाने खोकल्याकडे दुर्लक्ष केले अन्... हम्फ्री बोगार्ट यांना नेमके काय झाले होते?

डोक्यावर हॅट, हातात सिगारेट आणि चेहऱ्यावर बेफिकिरी. ‘कॅसाब्लांका’मधील हम्फ्री बोगार्ट यांचे हे रूप आजही ओळखले जाते. पडद्याबाहेरही सिगारेट आणि दारू त्यांच्यापासून सुटली नाही. वयाच्या ५७ व्या वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

सर्जनचा मुलगा ते सुपरस्टार

बोगार्ट यांचा जन्म २५ डिसेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील सर्जन, तर आई चित्रकार. १९१८ मध्ये ते अमेरिकी नौदलात भरती झाले. पुढे नाटक आणि मग सिनेमा. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) आणि ‘कॅसाब्लांका’ (१९४२) यांनी त्यांना स्टार बनवले. ‘द आफ्रिकन क्वीन’साठी त्यांना ऑस्कर मिळाले.

आजार कसा कळला?

खोकला थांबेना, जेवण गिळताना त्रास होऊ लागला. तरीही डॉक्टरकडे जाणे त्यांनी लांबवले. १९५६ च्या सुरुवातीला निदान झाले. १ मार्चला शस्त्रक्रिया करून अन्ननलिका, दोन लसिका ग्रंथी आणि एक बरगडी काढण्यात आली. नंतर केमोथेरपीही झाली, पण कर्करोग पसरत गेला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. वजन ३६ किलोच्या आसपास आले. पत्नी लॉरेन बकॉल आणि दोन लहान मुलांना मागे ठेवून १४ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

निदानाला उशीर का होतो?

अन्ननलिका लवचिक असते. गाठीमुळे आतली वाट बरीच अरुंद होईपर्यंत घास अडकत नाही. तोपर्यंत आजार अनेकदा आसपासच्या ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो. आज दुर्बिणीने तपासणी करून तुकडा तपासता येतो. लवचिक फायबरची पहिली दुर्बीण मात्र बोगार्ट गेले त्याच वर्षी, १९५७ मध्ये आली.

आज उपचारांत काय बदलले?

क्रम बदलला. बोगार्ट यांची शस्त्रक्रिया आधी झाली, केमोथेरपी नंतर. आता गाठ वाढलेली, पण काढण्याजोगी असेल तर बहुतेकदा आधी केमोथेरपी, काही रुग्णांना सोबत रेडिएशनही दिले जाते. त्यामुळे गाठ आक्रसते आणि शरीरात पसरलेल्या, न दिसणाऱ्या पेशींवरही मारा होतो. मग अन्ननलिकेचा भाग काढून जठर वर ओढून जोडले जाते. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यमान आयुर्मान २४ महिने होते. आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांचे ४९ महिने.

कधी सावध व्हावे?

घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, न थांबणारा खोकला किंवा आवाज बसणे. तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर धोका अधिक. यापैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. उपचार बदलले असले, तरी लवकर निदानाला आजही पर्याय नाही.