पाऱ्याची भाषा ओळखणारा कप्तान: रॉबर्ट फिट्झरॉय

उद्या पाऊस आहे का, हे आता मोबाईलवर दिसतं. अंदाज हुकला की लोक हवामान खात्याला नावं ठेवतात. वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापायला सुरुवात करणाऱ्या माणसाचीही अशीच टिंगल झाली होती. त्यांचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

१८०५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले फिट्झरॉय लहानपणीच नौदलाच्या शाळेत गेले. २३ व्या वर्षी ते बीगल जहाजाचे कप्तान झाले. पुढं याच जहाजातून त्यांनी चार्ल्स डार्विनला जगप्रवासाला नेलं. पण कप्तानपद मिळाल्यावर थोड्याच दिवसांत, १८२९ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ वादळानं जहाजाला गाठलं. हवेचा दाब दाखवणारा पारा आधीच घसरला होता, पण त्याकडं कानाडोळा झाला. दोन खलाशी बुडाले. त्यानंतर फिट्झरॉय यांनी पाऱ्याला कधी हलक्यात घेतलं नाही.

हवेलाही वजन असतं. एखाद्या भागात दाब कमी झाला की आजूबाजूची हवा तिकडं धावते. वारा सुटतो, ढग जमतात. पारा झपाट्यानं उतरला तर वादळ जवळ आलं समजायचं. सावकाश चढत राहिला तर उघडीप.

१८५४ साली सरकारनं नवा हवामान विभाग त्यांच्याकडं दिला. मच्छीमारांच्या गावांत त्यांनी दाबमापक यंत्रं बसवली. १८५९ च्या ऑक्टोबरात वेल्सच्या किनाऱ्यावर रॉयल चार्टर जहाज वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. मग फिट्झरॉय यांनी किनाऱ्यावरच्या ठिकाणांहून तारेनं रोज दाब, वारा, तापमान मागवायला सुरुवात केली. १८६१ पासून वादळाच्या आधी बंदरांवर इशाऱ्याच्या खुणा चढू लागल्या. आज कोकणातल्या बंदरांवर धोक्याचा बावटा लागतो, त्यामागंही हाच विचार आहे.

त्याच वर्षी ऑगस्टपासून लंडनच्या टाइम्समध्ये अंदाज छापून येऊ लागला. तो चुकला की हसू व्हायचं. इशाऱ्यामुळं बोटी बंदरात अडकल्या की मालक चिडायचे. पदरचा पैसाही कामात गेला होता, तब्येत खालावली होती. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉय यांनी जीवनयात्रा संपवली.

त्यांच्यामागं इशारे बंद करण्यात आले. पण दर्यावर जाणाऱ्यांना त्यांची किंमत कळली होती. मागणी झाली आणि १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले. २००२ पासून ब्रिटनच्या सागरी अंदाजातल्या एका भागाला फिट्झरॉय हेच नाव आहे.