नवजात मूत्रपिंडाचे अभ्यासक : रॉबर्ट मॅकन्स

बीड जिल्ह्यात मार्च सरू लागला की ऊन तापू लागते. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतील तान्ही बाळे आणि दावणीची वासरे-करडे यांना या दिवसांत हगवण लागली, तर पाहता पाहता डोळे खोल जातात, कातडी सैल पडते. मोठ्यांना जे सोसते ते तान्ह्या जिवाला का सोसत नाही? या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेणाऱ्यांत ब्रिटिश वैद्यक संशोधक रॉबर्ट अलेक्झांडर मॅकन्स यांचे स्थान अग्रभागी आहे.

मॅकन्स यांचा जन्म ९ डिसेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात लिनन कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. पहिल्या महायुद्धात ते नौदलाच्या हवाई शाखेत होते. पुढे केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मधुमेही रुग्णांच्या आहाराकडे वळले. १९३३ मध्ये एल्सी विडोसन या तरुण रसायनतज्ज्ञ विदुषीने फळांतील साखरेचे त्यांचे आकडे चुकीचे असल्याचे दाखवून दिले. मॅकन्स यांनी राग न मानता त्यांना सहकारी करून घेतले. ही भागीदारी सुमारे ६० वर्षे टिकली. अन्नपदार्थांच्या घटकांविषयीचा त्यांचा १९४० चा ग्रंथ आहारशास्त्राचा आधार ठरला.

या काळात मॅकन्स यांनी स्वयंसेवकांना अळणी अन्न देऊन, त्यांच्याकडून भरपूर घाम गाळून घेऊन, मीठ घटल्यावर शरीराचे काय होते याची नोंद केली. पायांत पेटके, गळाठा, अन्नाची चव जाणे असे परिणाम दिसले. पाणी आणि मीठ यांचा तोल मूत्रपिंड राखतो. मग जन्मतःच त्याची क्षमता किती असते, हा पुढचा प्रश्न होता.

१९३८ मध्ये केंब्रिजला आल्यावर त्यांनी नवजात अर्भकांच्या मूत्राचा अभ्यास हाती घेतला. पुढे विडोसन यांच्यासह डुकराच्या व कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. नवजात मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता कमी असते. मूत्र दाट करून पाणी वाचवण्याची त्याची शक्ती प्रौढाच्या निम्म्याच्या आसपास असते. जास्तीचे मीठ किंवा पाणी तो चटकन बाहेर टाकू शकत नाही. सर्व प्राण्यांत मात्र ही स्थिती सारखी नसते. शेळी-मेंढीच्या पिलांत मूत्रपिंडाची घडण जन्माआधीच पूर्ण होते, तर कुत्र्या-डुकराच्या पिलांत ती जन्मानंतरही काही आठवडे चालू राहते.

तरीही आईच्या दुधावरचे पिलू सुखरूप का राहते? मॅकन्स यांच्या विवेचनाचे मर्म याच उत्तरात आहे. वाढणारे शरीर दुधातील प्रथिने आणि क्षार स्वतःच्या घडणीत सामावून घेते. त्यामुळे मूत्रपिंडावर उत्सर्जनाचा भार फारसा पडत नाही. उपासमारीने वा आजाराने वाढ थांबली, की हा आधार सुटतो आणि रक्तातील युरिया चढू लागतो. अपुऱ्या मूत्रपिंडाची उणीव जणू वाढच भरून काढत असते.

१९४५ मध्ये मॅकन्स केंब्रिजला प्रायोगिक वैद्यकाचे प्राध्यापक झाले. महायुद्धानंतर जर्मनीतील वुपरताल येथे आणि १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर युगांडातील कंपाला येथे त्यांनी कुपोषणाचा अभ्यास केला. १९४८ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली होती. ५ मार्च १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

नवजात मूत्रपिंडाविषयीच्या या ज्ञानाचा धडा आजही घराघरांत लागू पडतो. पहिले ६ महिने आईचे दूध पुरेसे असते. भर उन्हाळ्यातही बाळाला वरचे पाणी लागत नाही. गाईच्या दुधात प्रथिने सुमारे तिप्पट आणि क्षारही जास्त, म्हणून ते तान्ह्या मूत्रपिंडाला जड जाते. हगवणीत जलसंजीवनीची पूड पाकिटावर सांगितलेल्या पाण्यातच कालवावी लागते. मीठ अंदाजाने वाढवले, तर औषधच अपाय करते. तान्ह्या जिवाची मूत्रपिंडे अशी चूक सावरू शकत नाहीत.