हान्स विल्सडॉर्फ आणि मनगटावरचे घड्याळ

आपल्या ठाणाकुशनूर परिसरात कोणा आजोबांच्या पेटीत लग्नात मिळालेले, चावी द्यावयाचे एचएमटी घड्याळ अद्याप जपून ठेवलेले आढळेल. ही घड्याळे १९६१ सालापासून आपल्याच राज्यात, बेंगळूर येथे तयार होऊ लागली. मनगटावर घड्याळ बांधण्यात आज कोणालाच नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपात पुरुषाचे घड्याळ म्हणजे खिशातले, साखळीला अडकवलेले. मनगटावरचे घड्याळ हे स्त्रियांचे आभूषण समजले जाई. ही समजूत मोडली ती एका महायुद्धाने आणि एका पोरक्या मुलाच्या चिकाटीने. त्या मुलाचा, हान्स विल्सडॉर्फ यांचा, जीवनवृत्तान्त आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हान्स यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात कुल्मबाख या गावी झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता. हान्स बारा वर्षांचे होतात न होतात तोच आई आणि वडील या दोघांचेही छत्र नाहीसे झाले. नातलगांनी धंदा विकून आलेला पैसा मुलांच्या नावे ठेवला आणि हान्स यांना कोबुर्ग येथील वसतिगृहाच्या शाळेत घातले. तेथे गणित आणि परभाषा या विषयांत त्यांनी चांगली गती मिळविली. याच विद्येने पुढे त्यांना पोटाला लावले. १९०० साली स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी एका निर्यात पेढीत इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून ते लागले. पगार महिना ८० फ्रँक. रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी देणे आणि ती बिनचूक चालतात की नाही हे पाहणे, हेही काम त्यांच्याकडे असे. या कंटाळवाण्या कामातच त्यांना घड्याळाचे मर्म उमगले.

१९०३ साली ते लंडनला गेले आणि १९०५ साली आल्फ्रेड डेव्हिस यांच्या भागीदारीत त्यांनी स्वतःची पेढी काढली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात घोड्यावरील काही अधिकाऱ्यांनी आपली घड्याळे चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधली होती. ही सोय सर्वांच्या उपयोगी पडेल, असे विल्सडॉर्फ यांच्या मनाने घेतले. जाणते घड्याळजी मान हलवीत. एवढ्या लहान यंत्राला अचूकपणा कोठून येणार, आणि हात हलताना ते टिकणार कसे, असा त्यांचा आक्षेप होता. विल्सडॉर्फ यांनी बील गावच्या एग्लर यांच्या कारखान्यातून लहान यंत्रे मागविली आणि १९०८ साली आपल्या घड्याळांना रोलेक्स हे सुटसुटीत नाव दिले. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने त्यांच्या एका मनगटी घड्याळाला प्रथम वर्गाचे प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र तोवर जहाजांवरील मोठ्या घड्याळांना मिळत असे.

तीनच आठवड्यांत इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरले. या युद्धात तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला पुढे सरके आणि त्याच्या मागोमाग पायदळ खंदकातून बाहेर पडे. पायदळ मिनिटभर लवकर निघाले तर आपल्याच तोफांखाली सापडे आणि उशिरा निघाले तर शत्रू सावध होई. म्हणून हल्ल्यापूर्वी अधिकारी आपापली घड्याळे एकमेकांशी जुळवून घेत. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्या हातात नकाशा असता खिशात हात घालण्यास सवड कोठली? घड्याळ मनगटावर आले ते असे. काच फुटू नये म्हणून त्यावर धातूची जाळी बसवीत आणि अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावीत. हा रंग लावताना कुंचला ओठांनी टोकदार करणाऱ्या अमेरिकेतील कितीतरी कामगार मुली पुढे त्याच विषाने मरण पावल्या, हेही विसरता कामा नये. आपल्या मराठा पलटणी त्या काळी मेसोपोटेमियात लढत होत्या. मुंबईत दुकान असलेल्या वेस्ट एंड या स्विस कंपनीची घड्याळे हिंदी फौजेत सर्वपरिचित होती. त्यांपैकी एकाचे नावच मुळी सवार या शब्दावरून ‘सोवार’ असे ठेवलेले होते.

विल्सडॉर्फ यांना मात्र या युद्धाने निराळाच अनुभव दिला. त्यांचे जर्मन नाव लंडनमध्ये लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. १९१५ साली त्यांनी कंपनीच्या नावातून आपले नाव काढले. त्याच वर्षी आयात घड्याळांवर जबर जकात बसली. युद्ध संपल्यावर त्यांनी आपले ठाणे जिनीव्हा येथे हलविले. तेथे १९२६ साली पाणी आणि धूळ आत न शिरणारे घड्याळ त्यांनी बाजारात आणले आणि घट्ट मिटणाऱ्या कालवाच्या शिंपल्यावरून त्याला ‘ऑयस्टर’ असे नाव दिले. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी तरुणी ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. दहा तासांहून अधिक काळ थंडगार पाण्यात राहिल्यावर तिला पोहणे सोडावे लागले. घड्याळ मात्र चालतच होते.

परंतु विल्सडॉर्फ यांची खरी ओळख पटते ती दुसऱ्या महायुद्धात. जर्मनांच्या हाती सापडलेल्या ब्रिटिश सैनिकांची घड्याळे पुष्कळदा काढून घेतली जात. बंदिवासात दिवस उगवे आणि मावळे, पण वेळ कळत नसे. विल्सडॉर्फ यांनी अशा अधिकाऱ्यांना कळविले की, आपण घड्याळ मागवावे, ते पाठविले जाईल आणि पैशांचा विचार युद्ध संपल्यावर करावा. स्टालाग लुफ्ट ३ या छावणीत जोडे शिवणाऱ्या क्लाइव्ह नटिंग नावाच्या एका कॉर्पोरलनेही १० मार्च १९४३ रोजी मागणी पाठविली आणि त्याच उन्हाळ्यात घड्याळ त्याच्या हाती आले. पुढल्या वर्षी २४ मार्चच्या रात्री याच छावणीतून ७६ कैदी भुयारातून निसटले. त्यांपैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. अशा जागी उधारीवर माल पाठविणे हा व्यापार खासच नव्हे. देणेकरी जिवंत राहील याचीही तेथे शाश्वती नव्हती. पण युद्धानंतर पैसे द्या या अटीचा अर्थ कैद्यांना नेमका कळला असेल. युद्ध एक दिवस संपेल, तुम्ही घरी पोहोचाल आणि दिलेला शब्द पाळाल, असे बाहेरच्या जगात कोणीतरी धरून चालले होते.

चरित्रकाराने दुसरी बाजू झाकू नये. इटलीच्या आरमारातील पाणबुड्यांसाठी पानेराई या पेढीने पुरविलेली घड्याळेही विल्सडॉर्फ यांच्याच कंपनीने बनविली होती. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या, आता खुल्या झालेल्या, युद्धकालीन कागदांत त्यांना जर्मन राजवटीविषयी सहानुभूती असल्याचा संशय नोंदविलेला आहे. मनुष्याचे अंतरंग पूर्णपणे कोणास कळते? परंतु कैद्यांच्या मनगटांवर पोहोचलेली घड्याळे ही काही संशयाची गोष्ट नव्हे. आमच्या मते ती कृती स्वतःच आपली साक्ष देते.

१९४४ साली पत्नी वारल्या. विल्सडॉर्फ यांना मूलबाळ नव्हते. पुढल्या वर्षी त्यांनी आपल्या नावाचा एक न्यास स्थापिला आणि आपली मालमत्ता त्याच्या हवाली करण्याची व्यवस्था केली. तो आजही कंपनीचा मालक असून त्याच्याकडून लोकोपयोगी कार्यांना साहाय्य होते. ६ जुलै १९६० रोजी जिनीव्हा येथे विल्सडॉर्फ यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, आजोबांच्या घड्याळाला चावी देताना या पोरक्या मुलाची आठवण ठेवावी. घड्याळ महाग की स्वस्त याला फारसे महत्त्व नाही. ते वेळेला खरे उतरते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. माणसाच्या शब्दाचेही तसेच आहे.