रेव्हरंड नारायण वामन टिळक
टिळकांचा जन्म इ. स. १८६१ त कोंकणांतील करजगांवीं ब्राह्मण कुळांत झाला. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवशींच जात व सोयरे तुटले. पत्नी लक्ष्मीबाईही दुरावल्या. टिळकांनीं त्यांच्या मनावर बळजबरी केली नाहीं. पत्रें लिहीत वाट पाहिली. पुढें त्या परतल्या, आणि इ. स. १९०० त स्वतःच्या विचारानें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाल्यानें देश किंवा तुकोबांची वाणी आपणांस परकी होते, असें टिळकांनीं मानिलें नाहीं. मंडळीच्या उपासनेसाठीं त्यांनीं मराठी पदें व अभंग रचिले. इ. स. १९१७ त मिशनचा पगार सोडून साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडिला; तेथें बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, हा त्यांचा हेतु होता. ता. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस प्रभूकडे गेले. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

बंधुभगिनींनो, आपल्याही गांवीं कोणी दुरावला असेल. त्याचें दार बंद असलें तरी आपलें उघडें ठेवावें, हा धडा या चरित्रांत आहे.